चार चाळीस

आमचं कॉलेज म्हणजे जिनिंगचं जुनं गोदाम.
वर कैच्यांमध्ये अजून रुई अडकलेली,
जोरात टाळ्या पडल्या की
एखादा पुंजका सावकाश खाली यायचा
आणि कुणाच्या तरी डोक्यावर बसायचा.

टाय डेला अख्ख्या बी.ए. टूमध्ये एकच टाय,
देवानंद लांजेवारच्या मामाचा, लग्नातला.
एकेकानं गळ्यात अडकवून फोटो काढले.
चेहरे सतरा,
हळदीचा डाग तोच.

गॅदरिंग फेब्रुवारीत.
सकाळी रांगोळ्या, मग तर्री-पोहे, मग फिशपॉन्ड,
ज्यात मला तिन्ही वर्षं एकच चिठ्ठी आली:
'पडद्यामागचा उंदीर'.
खरंच होतं ते. मी प्रॉम्प्टर.

आणि सगळं, अगदी सगळं,
चार चाळीसच्या आत.
चार चाळीसला कोसाऱ्याची गाडी,
त्यानंतर कोसाऱ्याला फक्त रस्ता.

ढोबळे सरांनी नाटक लिहिलं तेही गाडी बघून.
निमा उईके आई. आईला पहिल्याच प्रवेशात मरण.
"सर, काहून मारता तिले एवढ्या लवकर?"
मोबीननं विचारलं. तो मुलगा झाला होता.
"एसटीले विचार," सर म्हणाले.

त्या वर्षी पाहुणे उशिरा आले
आणि बोलले,
बसता बसता पुन्हा उठून बोलले.
चार पंचविसला निमा सतरंजीवर झोपली,
केसांना पावडर, उशाला दप्तर.
चार बत्तीसला खोकली.
चार छत्तीसला गेली.
मी दोरी ओढली. पडदा अर्ध्यात अडकला.

तेवढ्यात हॉर्न.

मेलेली बाई उठली.
दप्तर खांद्यावर टाकलं, लुगडं पोटरीपर्यंत खोचलं,
स्टेजवरून उडी, आणि मधल्या वाटेनं
थेट पाहुण्यांच्या पायांवरून.
"पळ निमे, पळ!" सारं गोदाम ओरडत होतं,
वरून रुई नुसती सांडत होती.

मोबीन तेव्हा मागच्या दाराशी मिशी चिकटवत होता.
त्यानं काहीच पाहिलं नव्हतं.
आत आला, रिकाम्या सतरंजीपाशी गुडघे टेकले
आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला:
"माय, ऊठ ना व."

इतकं हसणं त्या गोदामानं पुन्हा ऐकलं नसेल.
मीही हसलो, हातातली वही पडेस्तोवर.
फक्त मी उभा होतो तिथून
उशीवर पावडरचा
डोक्याएवढा ठसा दिसत होता.

सोमवारी ती आली. आधी म्हणाली,
"गाडीत मले बसाले जागा देली लोकायनं,
म्हातारी समजून."
मग आलुबोंडा मोडत, कुणाकडे न बघता,
"पुढे काय होते बॉ त्या नाटकात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
दीड महिना तालीम. रोज चार चाळीस.
दुसरा प्रवेश तिनं कधी बघितलाच नव्हता.

मधल्या सुट्टीत, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली,
तो आम्ही तिला एकटीला करून दाखवला.
(खुशालकाका शिपाई होते, पण ते खर्रा घोटत होते.)
मोबीन रडला, बिना मिशीचा.
विशाखा नंदेश्वर, सून, तिनं आईची पेटी उघडली,
पेटी म्हणजे खडूचं खोकं.
देवानंदनं वाटणी मागितली.
मी वहीशिवाय, पहिल्यांदा उजेडात,
आणि तरी ओठ हलवत होतो सगळ्यांची वाक्यं.
निमा कॅरिअरवर बसून ऐकत होती
हाताची घडी घालून,
कुणा लांबच्या नातलगाच्या तेरवीला आल्यासारखी.

संपलं. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.
"मी मेल्यावर," ती म्हणाली,
"लयच बोलता बॉ तुमी लोकं."

घंटा झाली.
तिनं मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं.
अजून तीन तास होते.